मामाजींच्या नावचं औषध

माझ्या मामेसासऱ्यांइतका आजारी माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात झाला नसेल, आणि त्यांच्याइतका धडधाकटही. पोस्टाचं ऐकलं तर त्यांना क्षय होता, दमा होता, मिरगी होती, मूळव्याध होती, अंगावर कोड उठलं होतं, केस गळत होते, आणि एका पावसाळ्यात तर त्यांच्या नावाने चक्क गरोदर बायांना देतात ती ताकदीची बाटली आली होती. खरं पाहिलं तर हा माणूस जन्मात कधी दवाखान्याची पायरी चढला नव्हता. डोकं दुखलं की ओला पंचा गुंडाळायचा आणि कांदा-भाकर खाऊन झोपायचं, एवढीच त्यांची वैद्यकी. औषधाच्या नुसत्या वासाने त्यांना मळमळायचं. डोक्यावर केस असे दाट की त्यांना येताना पाहून न्हावी दुसरं गिऱ्हाईक आधी बसवून घ्यायचा. पंगतीत ते बसले की वाढपी पुढे सरकायचाच नाही, तिथेच टोपली घेऊन उभा राहायचा. असा माणूस गावभरचे रोग अंगावर घेऊन वर्षानुवर्षं हिंडला, आणि गावाने त्याला त्याचं काय दिलं ते सांगायला मी बसले आहे. मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवते. ज्यांना गोड ऐकायचं असेल त्यांनी दुसरं काही वाचावं.

आमचं गाव दिग्रस आणि आर्णीच्या मधे. सरकी काढायचं एक कापसाचं जिनिंग, चार अडतदुकानं आणि आठवडी बाजार, एवढीच त्याची श्रीमंती. साठ सालाच्या आसपास मी या गावात सून म्हणून आले. मामाजींचं घर आमच्या घराला लागून, मधे एक कुडाची भिंत, त्यामुळे इकडची शिंक तिकडे ऐकू जायची. बायको लवकर गेलेली, घरात ते आणि त्यांची एकुलती एक पोर कमल. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. लग्नावरातीसाठी गॅसबत्त्या भाड्याने द्यायच्या आणि लोकांचे स्टोव्ह दुरुस्त करायचे, हा त्यांचा धंदा. स्टोव्ह समोर घेतला की ते त्याच्याशी बोलायचे. स्टोव्हला 'बाई' म्हणायचे आणि गॅसबत्तीला 'बुवा'. "काहून रुसली वं बाई? सांग तं खरं," असं म्हणत पिन घालायचे. गिऱ्हाइकाला वाटायचं आपल्याशीच बोलतात, आणि एकदोन बाया तर रागावून स्टोव्ह उचलून निघून गेल्या होत्या.

आता औषधाचं सांगते. त्या काळी मोठ्या आजाराचं औषध गावात मिळायचं नाही. नागपूरच्या डॉक्टरला दाखवून यायचं आणि मग तिथला दुकानदार महिन्याच्या महिन्याला व्ही.पी.ने, पोचल्यावर पैसे भरायच्या बोलीने, पार्सल पाठवायचा. सोय चांगली होती. पण आमच्या गावात एक रीत पडून गेली होती. पोस्टमन आठवडाभराची पार्सलं बाजाराच्या दिवसासाठी राखून ठेवायचा, कारण आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं त्या दिवशी आपसूक गावात यायची. मग तो हॉटेलाच्या ओट्यावर उभा राहून पुकारा करायचा. नाव, गाव, आणि पार्सल कुठल्या दुकानातून आलं ते. त्याच्या मनात पाप नव्हतं. त्याला इंग्रजी अक्षरं लावता यायची आणि ती चारचौघांत वाचून दाखवायची हौस होती, बस. औषधी दुकानाचं नाव निघालं की बाजाराचे कान उभे राहायचे. मालकाच्या हाती पडायच्या आधी ते पार्सल चार हातांतून फिरायचं. कोणी हलवून पाहायचा, कोणी हुंगून पाहायचा. खुळखुळलं तर गोळ्या, डचमळलं तर पातळ औषध, वास आला तर मूळव्याध, असं त्यांचं शास्त्र. संध्याकाळपर्यंत माणसाचा रोग ठरलेला असायचा आणि आठवड्याभरात त्याच्या पोरीचं स्थळ मोडलेलं असायचं. पोस्टाच्या खिडकीवर जाऊन गुपचूप घ्यावं म्हटलं तर ती खिडकी नेमकी त्याच हॉटेलाच्या बाकांवर उघडायची. म्हणून लोक टपालाने औषध मागवत नसत. पैसा नव्हता म्हणून नाही, आळस होता म्हणून नाही, डॉक्टरवर भरवसा नव्हता म्हणूनही नाही. नाव पुकारलं जाईल म्हणून. माणसं खोकून खोकून मेली, पण त्यांनी आपलं नाव पुकारू दिलं नाही.

मामाजी यात पडले ते शाळेतल्या एका मास्तरांमुळे. मास्तरांना मिरगी होती. त्यांचं पहिलं पार्सल पुकारलं गेलं आणि दुसऱ्या दिवसापासून लोक पोरांना त्यांच्या वर्गात बसवायला कुरकुर करू लागले. दुसरं पार्सल आलं तेव्हा मास्तर समोरच उभे होते, पण "माझं नाही" म्हणाले. पार्सल परत गेलं. पुढे एक दिवस शाळेच्या पायरीवर त्यांना झटका आला, समोरचे दात पडले, आणि मास्तर बदली मागून गेले ते गेलेच. मामाजी त्या दिवशी जेवले नाहीत, हे मला कमलनेच सांगितलं. "औषध नागपूरले वापस गेलं अन् मास्तर पुसदले," ते म्हणाले, "आजार तेवढा हितंच राह्यला." त्यानंतर त्यांनी कोणाला विचारलं नाही, कोणाला शहाणपण शिकवलं नाही. ज्याला गरज असेल त्याने नागपूरच्या दुकानात आपल्याऐवजी मामाजींचं नाव द्यावं, एवढंच त्यांनी दोघाचौघांच्या कानावर घातलं. बघता बघता सगळ्या पंचक्रोशीचं औषध त्यांच्या नावावर येऊ लागलं.

आणि हे काम ते साधेपणाने करतील तर ते मामाजी कसले. नाव पुकारलं की ते दुकानातून उठायचे आणि ज्या रोगाचं पार्सल असेल त्या रोगाने चालत जायचे. दम्याचं असलं की दर चार पावलांवर थांबून छातीला हात लावायचे. मूळव्याधीचं असलं की हॉटेलाच्या बाकावर एका बाजूने टेकायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. लोकांची खात्री पटली पाहिजे, नाहीतर शंका खऱ्या माणसावर जायची, असं त्यांचं म्हणणं. कोणी विचारलं, "कसं वाटते मामाजी आता?" की उत्तर ठरलेलं, "उतार आहे." कधी कधी घोटाळाही व्हायचा. एकदा केस वाढवायचं तेल आलं होतं आणि हे खोकत खोकत गेले. बाटलीला वास येत होता, लोक एकमेकांकडे पाहू लागले, तेव्हा त्यांनी खोकता खोकताच टोपी काढून डोकं खाजवलं. त्या गरोदरपणाच्या बाटलीच्या वेळी मात्र काय नाटक करावं ते त्यांना सुचेना. शेवटी पोट पुढे काढून गेले आणि म्हणाले, "माह्या पोटाचं काई खरं नाई." बाजार आठवडाभर हसला. ते ज्या बाईचं औषध होतं तिचं त्याआधी तीनदा पोट पडलं होतं, आणि त्या खेपेला मूल टिकलं, हे फक्त आमच्या दोन घरांना ठाऊक होतं.

औषध मालकाकडे पोचवायचीही त्यांची युक्ती होती. दुपारी, बाजार जेवून आडवा झालेला असताना, लोक बिघडलेला स्टोव्ह घेऊन यायचे. कमल पार्सल फोडायची, नागपूरच्या दुकानाचा कागद चुलीत घालायची, आणि औषध फडक्यात बांधून स्टोव्हच्या पेटीत ठेवून द्यायची. मामाजी त्या वेळी नाकाला धोतराचा सोगा लावून दारात उभे राहायचे. एका बाईचा स्टोव्ह तर दर महिन्याला बिघडायचा आणि शेजारणी तिला म्हणायच्या, असा करंटा स्टोव्ह टाकून दे. कमल मॅट्रिक झालेली, कामाला चटपटीत, बोलायला मोजकी. कुणाला काय दुखतं ते सगळं तिला माहीत, पण ती कधी माझ्यापाशीही एक शब्द बोलली नाही. मला जे कळायचं ते त्या कुडाच्या भिंतीमुळे.

बाजारात अडतदुकान असलेले आबासाहेब आमच्याच सोयऱ्यांतले. त्यांची सुशीला कमलच्या बरोबरीची, दोघी एकाच बाकावर शिकलेल्या. सुशीलाला क्षय निघाला. आबासाहेब स्वतः दोन स्टोव्ह घेऊन मामाजींकडे आले आणि हात जोडून म्हणाले, "मामाजी, पोरीचा जीव तुमच्या हाती आहे." मामाजींनी त्यांचे हात खाली केले. तेव्हापासून दर महिन्याला क्षयाच्या गोळ्या मामाजींच्या नावाने यायच्या, आणि दर महिन्याला मामाजी भर बाजारात खोकायचे.

त्याच सुमारास कमलला आर्णीचं स्थळ सांगून आलं. मुलगा नोकरीवाला, घरी कापसाचं नि तुरीचं वावर, बोलणं मऊ. पाहायला आला तेव्हा पोह्यांची बशी घेताना त्याने कमलला विचारलं की तुम्हाला वाचायला आवडतं का, आणि कमल हसली. मी इतकी वर्षं शेजारी होते, तिला परक्या माणसासमोर अशी हसताना मी तेवढी एकदाच पाहिली. ती रात्रंदिवस गुणगुणत राहायची. मामाजींनी तर तिच्या वरातीसाठी दुकानातल्या सगळ्या बत्त्यांचं पितळ चिंचेने घासायला काढलं. एवढी एकच पोर, ती चांगल्या घरी पडावी, यापलीकडे त्या माणसाला आयुष्यात काही नको होतं.

आमच्याकडे सोयरीक पक्की करण्याआधी मुलाचा बाप मुलीच्या गावात न सांगता येऊन चौकशी करून जातो. नातेवाइकांना विचारत नाही, बाजारात उभा राहून ऐकतो. आर्णीचे व्याही तसेच एका बाजाराच्या दिवशी एस.टी.तून उतरले आणि हॉटेलात चहा घेत बसले. मी भाजी घेत होते. मी त्यांना पाहिलं, पण डोक्यावर पदर घेऊन त्यांच्याकडे जावं की मामाजींना गाठावं हे ठरेपर्यंत पोस्टमनने मामाजींचं नाव पुकारलं होतं. क्षयाच्या गोळ्या होत्या. मामाजी दुकानातून निघाले ते खोकतच निघाले, आणि त्या दिवशी तर त्यांना विशेष रंग चढला होता. पंचा तोंडाला लावून, वाकून, रस्त्यात दोनदा थांबून ते ओट्यापर्यंत आले. बाकावरून कोणीतरी शांतपणे विचारलं, "खोकला केव्हापासून आहे तुम्हाला?" मामाजींनी वर न पाहताच सवयीने सांगितलं, "लय दिसापासून हाय. पण उतार आहे."

मग त्यांनी वर पाहिलं. पार्सल हातात होतं. समोर व्याही, मागे सगळा बाजार, आणि पंधरा हातांवर आपल्या अडतीच्या ओट्यावर आबासाहेब उभे. मामाजींनी त्यांच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. एक शब्द पुरला असता. 'ते त्यांचं नाही,' एवढंही पुरलं असतं, आपल्या पोरीचं नाव घ्यायचीसुद्धा गरज नव्हती. आबासाहेबांनी समोरच्या गंजीतला मूठभर कापूस उचलला आणि त्याचा धागा ओढून पाहू लागले. व्याह्यांनी चहाचे पैसे ठेवले, मामाजींना नमस्कार केला आणि आर्णीची गाडी धरली.

आठ दिवसांत मध्यस्थ निरोप घेऊन आला, घरात आजार आहे म्हणून. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून मला कमलचा आवाज ऐकू आला. ओरडत नव्हती. "बाबा, एक नाव सांगा. तुम्ही नाई सांगत तं मी सांगतो त्याईले."

"कोणाचं सांगू माय? तिचंही लगन व्हाचं आहे."

"अन् माह्यं?"

तरी कमलने जाऊन कोणाला काही सांगितलं नाही. बापाचीच पोर ती.

मी मात्र गप्प बसणारी नव्हे. मी आबासाहेबांच्या घरी गेले. त्यांनी पाट दिला, चहा सांगितला, माझं सगळं मान हलवत ऐकून घेतलं. "वहिनी, तुम्ही म्हणता ते खरं आहे," ते म्हणाले, "पण पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे."

"अन् कमल काय कोणाची पोर नाई?" मी विचारलं.

ते म्हणाले, "मामाजीचं नाव तं जाऊनच बसलं आता. त्यापायी आणखी एका घराचं कायले घालवाचं?" इतक्या हळुवार आवाजात, इतक्या समजूतदारपणे म्हणाले की मला त्यांच्या तोंडावर चहा फेकावासा वाटला. मी तो तसाच ठेवून उठले. आजही त्यांच्या घरावरून जाताना माझं रक्त तापतं, आणि ते का तापू नये ते मला कोणी सांगावं.

एका माणसाने मात्र तोंड उघडलं. जिनिंगात गठाणी बांधणारा किसनभाऊ म्हणून होता. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला, तेव्हापासून मान वर करून चालायचा आणि गावाला तेच खटकायचं. त्याच्या पोराला मिरगी होती आणि पोराला शाळेतून काढतील म्हणून तेही औषध मामाजींच्या नावाने यायचं. त्याला स्थळ मोडल्याचं कळलं तसा तो कोणाला न विचारता, एक दिवसाची मजुरी बुडवून आर्णीला गेला. व्याह्यांनी त्याला अंगणातच उभा केला. "औषध माह्या पोराचं हाय," तो म्हणाला, "त्या मानसाले काई झालं नाई. खोकला बी खोटा हाय." व्याह्यांनी सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "म्हणजे तुमचं औषध त्यांच्या घरात येतं? त्यांच्या मुलीच्या हातून जातं?" किसनभाऊ हो म्हणाला. खोटं कशाला बोलेल तो. परत येऊन त्याने हे मामाजींना सांगितलं. "मी गेलतो चांगलं कराले, मामाजी. आजार तं त्याईच्या डोक्यातून गेला नाई, अन् वरून मी त्याईले आणखी एक कारन देऊन आलो." मामाजींनी त्याला ओट्यावर आपल्या शेजारी बसवलं, आणि कमलने घरातल्या कपांतून दोघांना चहा दिला. समोरून चारजण पाहत गेले. आता काय पाहायचं ते पाहा, असं मामाजींच्या चेहऱ्यावर होतं.

दुसऱ्या वर्षी सुशीला बरी झाली. औषध नेमाने पोटात गेलं, एक महिना चुकला नाही. आणि तिचं लग्न ठरलं. आर्णीला ठरलं, त्याच घरी, त्याच मुलाशी. व्याह्यांनी बाजारात बसून चौकशी केली तेव्हा आबासाहेबांच्या घरी कधी औषधाचं पार्सल आलं नव्हतं, असं सगळ्या गावाने एकमुखाने सांगितलं. लग्नाला बत्त्या मामाजींच्याच लागल्या, दुसरीकडे बत्त्या होत्या कुठे. आबासाहेबांनी गडी पाठवून बत्त्या मागवल्या आणि मामाजींना यायची तसदी घेऊ नका म्हणून सांगितलं. मामाजी गेले. बत्तीला पंप मारायचं आपल्याशिवाय कोणी जाणत नाही म्हणाले. मांडवाच्या कडेला उभे राहून त्यांनी अक्षता टाकल्या. जेवायला ते एका टोकाला बसले तेव्हा त्यांच्या शेजारचे दोन पाट मोकळे राहिले, आणि नवरदेवाच्या बापाने ते मोकळेच ठेवायला सांगितले. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मामाजींनी मान खाली घालून जेवण केलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी वाढप्याला एकदाही थांबवलं नाही.

कमल लग्नाला आली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या चुलीपाशी बसले होते. ती भाकरी करून राहिली होती आणि मामाजी बत्त्या पुसत होते. तिने मागे न पाहता विचारलं, "कशी दिसत होती सुशी?"

"चांगली दिसत होती," मामाजी म्हणाले. "अंग भरलं तिचं. गालावर रंग आला. ओळखू येत नाई."

कमलने तव्यावरची भाकर उलटली. "मंग लागू पडलं म्हनाचं औषध," ती म्हणाली. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. रागाने म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. तिला खरंच हायसं वाटलं होतं, आणि डोळ्यांतून पाणीही चाललं होतं, धुराचं म्हणावं तर चुलीला धूर नव्हता.

पुढच्या बाजाराला मी दुकानाच्या दारात उभी होते. पोस्टमनने मामाजींचं नाव पुकारलं. एका दूरच्या खेड्यातल्या कोण्या सुनेच्या गोळ्या होत्या, क्षयाच्याच. मामाजी उठायला गेले आणि उठता उठता थबकले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. कमलने हातातला स्टोव्ह खाली ठेवला. "बसा तुम्ही बाबा. मी जातो," ती म्हणाली आणि पदर खोचून रस्त्यावर उतरली. बाजार बाजूला झाला तसा तिच्यासाठी रस्ता मोकळा होत गेला. ओट्यापाशी पोस्टमन घुटमळला. त्याने विचारलं, "कमलाबाई, मामाजीचं आहे ना हे?" ती सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात म्हणाली, "माह्यं आहे म्हन. पुढच्या खेपेपासून माह्यंच नाव पुकारत जाय." तिने पार्सल घेतलं, कोणाला हलवू दिलं नाही, आणि सरळ चालत परत निघाली.

मामाजी माझ्या शेजारी दारात येऊन उभे राहिले होते. त्यांना खोकला आला. या खेपेला तो खोटा नव्हता, आणि क्षयाचाही नव्हता. "सूनबाई," ते म्हणाले, "एवढ्या लोकाईचं औषध आणलं मी. माह्या पोरीसाठी काई मागवता नाई आलं." कमल रस्ता ओलांडून येत होती, आणि आम्ही दोघं तिच्याकडे पाहत उभे राहिलो.